‘नेट फोर्स’: १९९९ साली कल्पिलेले २०१०चे सायबर-पोलीस

अक्षरवेळ (धागालेखक)

‘नेट फोर्स’ परवा पुन्हा वाचून संपवली आणि बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून हा धागा. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ही मालिका टॉम क्लॅन्सी आणि स्टीव्ह पिचेनिक यांनी उभी केली, प्रत्यक्ष लेखन स्टीव्ह पेरी यांचं. पहिलं पुस्तक १९९९चं, कथा घडते २०१० मध्ये. अमेरिकेच्या एफबीआयमध्ये फक्त संगणकजाळ्यावरच्या गुन्ह्यांसाठी ‘नेट फोर्स’ नावाचा एक वेगळा विभाग आहे. सुरुवातीलाच त्याच्या प्रमुखाचा खून होतो आणि अ‍ॅलेक्स मायकल्सवर अचानक सगळी जबाबदारी येऊन पडते. एकीकडे खुन्याचा शोध, दुसरीकडे जगभरातल्या यंत्रणा कुणीतरी ठरवून बिघडवतंय त्याचा माग. शेवट सांगत नाही, प्रतिसादांतही कृपया कुणी फोडू नका.

अशा पुस्तकावर बोलताना सहसा यादी निघते: हे खरं ठरलं, ते खोटं ठरलं. मला त्या यादीत फारसा रस नाही, पण एक-दोन गोष्टी सांगायला हव्यात. पात्रांच्या कमरेला ‘व्हर्जिल’ नावाचं एक छोटं यंत्र असतं. त्यात फोन, संगणक, जागा दाखवणारा नकाशा, पैसे देण्याची सोय, सगळं एकत्र. आयफोन यायला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता, त्यामुळे हा अंदाज थक्क करतो. उलट इंटरनेट वापरणं म्हणजे डोक्यावर उपकरण चढवून आभासी जगात शिरणं, हे मात्र साफ हुकलं. जे ग्रिडली हा त्यांचा संगणकतज्ज्ञ माहिती शोधायला निघतो तेव्हा महामार्गावर भरधाव गाडी हाकत असतो आणि वाहतूक तुंबली की समजायचं, जाळ्यात कुठेतरी गडबड आहे.

माझा खरा मुद्दा वेगळा आहे. या कादंबरीत पोलिसांच्या हातात प्रचंड ताकद आहे. ती कुणी दिली, तिला लगाम कोण घालतं, चुकीच्या माणसावर वापरली गेली तर त्या माणसाने कुणाकडे जायचं, हा प्रश्न लेखकाला फारसा पडतच नाही. पोलीस चांगली माणसं आहेत, म्हणून सगळं ठीक. गेल्या पंचवीस वर्षांत इंटरनेटच्या बंदोबस्तावर जगभर जे भांडण चाललंय ते मुळात याच प्रश्नावर चाललंय. कादंबरीने भविष्यातली यंत्रं पाहिली, हे भांडण पाहिलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

निळीशाई

वा! फार दिवसांनी या पुस्तकाचं नाव ऐकलं. कॉलेजच्या काळात मी ही मालिका झपाटल्यासारखी वाचली आहे. मूळ मालिकेची दहा पुस्तकं आहेत, पहिली तीन-चार नक्की वाचावीत.

महामार्गाच्या प्रसंगांना तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत ते मात्र पटलं नाही. त्या आभासी जगाची गंमत अशी की प्रत्येक जण आपापला देखावा निवडतो. एकाला रस्ता दिसेल, दुसऱ्याला जंगल दिसेल, पण दोघं एकाच माहितीतून चाललेले असतात. ही कल्पना मला आजही ताजी वाटते. आणि भाकीत चुकलं म्हणून कादंबरी फसली असं नसतं. ती १९९९च्या माणसाची भीती आहे. तेव्हा सन २०००ची रात्र उजाडताच संगणक बंद पडतील अशी धास्ती जगभर होती, ती हवा या पुस्तकाच्या पानापानात भरून राहिली आहे.

पॅकेटपाल

मी नेटवर्क सांभाळण्याचं काम करतो, म्हणून आतल्या बाजूने लिहितो.

लेखकाला ती गाडी का लागली हे मला नीट समजतं. आमचं खरं काम पानावर आणलं तर वाचक दहाव्या ओळीला झोपेल. रात्री तीन वाजता एक माणूस लॉग फाइल्स, म्हणजे संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदी, चाळत बसलाय, हजारो ओळींमध्ये एक ओळ वेगळी दिसते, ती का वेगळी आहे हे शोधण्यात पुढचे चार दिवस जातात. यात पाठलाग नाही, गोळीबार नाही, कुणी धापा टाकत नाही. सिनेमावाल्यांचीही हीच अडचण, म्हणून ते पडद्यावर हिरवी अक्षरं पाडतात.

पण त्या कंटाळवाण्या कामातही थरार असतो, तो ओळखता मात्र यायला हवा. क्लिफर्ड स्टॉल हे खगोलशास्त्रज्ञ १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक सांभाळायला लागले. संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक होता, तो शोधायचं काम त्यांच्याकडे आलं. ७५ सेंट! कुणीही सोडून दिलं असतं. त्यांनी बाहेरून येणाऱ्या फोनलाइनींना उसने आणलेले टर्मिनल आणि प्रिंटर जोडले, घुसखोर जे टाइप करेल ते कागदावर उमटत राहील अशी सोय केली आणि रात्री टेबलाखाली झोपले. एफबीआयला फोन केला तर एक डॉलरसुद्धा बुडाला नाही म्हणून त्यांनी लक्ष घातलं नाही. शेवटी त्यांनी क्षेपणास्त्र-संरक्षणाच्या नावाने मोठमोठ्या खोट्या फाइल्स बनवून ठेवल्या. घुसखोर त्या उतरवत बसला, लाइन बराच वेळ चालू राहिली आणि तेवढ्या वेळात फोनचा माग थेट जर्मनीत हॅनोव्हरपर्यंत पोचला. माहिती केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकली जात होती.

नेट फोर्सच्या कुठल्याही प्रकरणापेक्षा मला यात जास्त थरार वाटतो. इथे गुन्हेगार हुशारीने पकडला गेला नाही, चिकाटीने पकडला गेला.

रेवा_

पॅकेटपाल, प्रतिसाद फार आवडला.

मला या पुस्तकात सगळ्यात जास्त भावली ती टोनी फिओरेला. कार्यालयातली दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी, शिवाय पेंचाक सिलाट या इंडोनेशियन युद्धकलेत तरबेज. तिच्या सरावाचे प्रसंग लेखकाने मन लावून लिहिलेत. पाय कुठे ठेवायचा, वजन कुठे टाकायचं, समोरच्याच्या कोपराचं काय करायचं, हे वाचताना लेखकाने हे स्वतः केलंय हे जाणवतं. संगणकाच्या प्रसंगांमध्ये तो जिवंतपणा नाही. म्हणून मला वाटतं, लेखकाला जे हाताने माहीत होतं ते उत्तम उतरलं आणि जे फक्त कल्पनेने माहीत होतं ते पातळ झालं.

मनातल्या मनात चाललेला तिचा साहेबावरचा जीव मात्र मला नकोसा झाला. एवढ्या कर्तबगार बाईला पानोपानी त्या उसाशांत अडकवायचं काही कारण नव्हतं.

कायदाकलम

मूळ धाग्यातल्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही, म्हणून मी घालतो. पेशाने वकील आहे.

या कादंबरीत संस्थेची स्वतःची लष्करी तुकडी आहे, कर्नल जॉन हॉवर्ड तिचा प्रमुख. ती परदेशात मोहिमा करते. वाचताना मजा येते, पण खरी अडचण नेमकी तिथेच आहे. इंटरनेटला सीमा नाही आणि पोलिसाला आहे.

कादंबरी आली त्याच्या पुढच्याच वर्षी, मे २०००मध्ये, ‘आय लव्ह यू’ नावाची ईमेल जगभर पसरली. पत्रासोबतची फाइल उघडली की ती तुमच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवायची आणि संगणकातल्या फाइल्सचा नाश करायची. माग फिलिपिन्समधल्या मनिलापर्यंत पोचला, संशयितही सापडला. खटला मात्र उभा राहू शकला नाही, कारण त्या दिवशी त्या देशात असं काही करणं गुन्हा ठरवणारा कायदाच नव्हता. जूनमध्ये त्यांनी कायदा केला, पण कायदा मागच्या तारखेपासून लावून कुणाला शिक्षा करता येत नाही. ऑगस्टमध्ये आरोप मागे घेतले गेले.

म्हणजे माणूस सापडला, पुरावा होता, नुकसान अफाट होतं आणि तरीही काही करता आलं नाही. या घटनेनंतर देशांना घाई झाली. युरोप परिषदेचा सायबर गुन्ह्यांबाबतचा करार बुडापेस्टमध्ये नोव्हेंबर २००१मध्ये सह्यांसाठी खुला झाला, २००४मध्ये लागू झाला. त्यात काय आहे? तुकडी पाठवणं नाही. एका देशाने दुसऱ्याला विनंती केली तर पुरावा पुसला जाण्याआधी जपून ठेवायचा, चोवीस तास उत्तर देणारा संपर्क-अधिकारी नेमायचा, असल्या गोष्टी. हीच इंटरनेटवरच्या पोलिसांची खरी शस्त्रं. कर्नल हॉवर्डला ती बेचव वाटतील, पण आरोपी त्यांच्यामुळे सापडतात.

जुनीतार

कायदाकलम +१.

कादंबरीतलं साल २०१० आहे ना, मग खऱ्या २०१०मध्ये काय झालं ते बघा. त्या वर्षी जूनमध्ये बेलारूसमधल्या एका छोट्या अँटीव्हायरस कंपनीला एक विचित्र प्रोग्राम सापडला, तोच पुढे स्टक्सनेट म्हणून गाजला. तो इराणमधल्या नतांझच्या युरेनियम केंद्रातल्या सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम समृद्ध करणारी वेगाने फिरणारी यंत्रं, बिघडवण्यासाठी बनवला होता. विंडोजमधल्या तोवर कुणालाही माहीत नसलेल्या चार त्रुटी त्यात वापरल्या होत्या. यंत्रं चालवणाऱ्या सीमेन्स कंपनीच्या नियंत्रकात शिरून तो यंत्राचा वेग बदलायचा आणि नियंत्रणकक्षातल्या पडद्यावर मात्र आधी नोंदवून ठेवलेले ठीकठाक आकडे दाखवत राहायचा. समोर बसलेल्या माणसाला सगळं सुरळीत दिसतंय आणि शेजारच्या दालनात यंत्रं मोडताहेत.

हा कुणा माथेफिरूचा किंवा माफियाचा उद्योग नव्हता. यामागे अमेरिका आणि इस्रायल होते असं बहुतेक तज्ज्ञ मानतात, दोघांनीही ते अधिकृतपणे कबूल केलेलं नाही.

कादंबरीची मांडणी इथेच कोलमडते असं मला वाटतं. तिच्या जगात सरकार म्हणजे पोलीस आणि हल्ला करणारे म्हणजे सरकारबाहेरची माणसं. खऱ्या २०१०मध्ये त्या वर्षातलं सगळ्यात भेदक शस्त्र सरकारी खर्चाने तयार झालं होतं. अशा वेळी नेट फोर्सने कुणाला अटक करायची?

निळीशाई

जुनीतार, मुद्दा जबरदस्त आहे. फक्त एक आठवण करून देते. कादंबरीतला खलनायक प्लेखानोव्ह हा निव्वळ पैशामागे लागलेला नाही. त्याला सत्ता हवी आहे, आणि ती मिळवायला तो आधी देशांच्या यंत्रणा कोलमडू देतो. राजकारण आणि संगणकी हल्ला यांची सांगड लेखकाने घातली आहे. त्याने ती एका माणसात कोंबली, कारण थरारकादंबरीला चेहरा लागतो. समितीच्या बैठकीत ठरलेला हल्ला कसा रंगवणार?

अक्षरवेळ

छान चाललंय. निळीशाई, प्लेखानोव्हबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, मला तो पुस्तकातला सगळ्यात विचारी माणूस वाटतो. पण बघा, त्याच्या हेतूंवर लेखक पानं खर्च करतो, त्याला पकडणाऱ्यांच्या अधिकारांवर परिच्छेदसुद्धा नाही.

हा विषय १९९९मध्ये कुणाच्या डोक्यात नव्हता असंही नाही. १९९३मध्ये अमेरिकी सरकारने ‘क्लिपर चिप’ पुढे आणली होती. फोनवरचं बोलणं सांकेतिक करणारी चिप, जिची किल्ली सरकारकडे राखून ठेवलेली. न्यायालयाचा आदेश असेल तेव्हाच वापरू, असं आश्वासन. १९९४मध्ये बेल लॅब्जमधल्या मॅट ब्लेझ यांनी दाखवून दिलं की त्या चिपमधली सरकारी किल्लीची सोय चुकवता येते, कारण तिची तपासणी करणारा आकडा फक्त १६ बिटांचा होता. थोडक्यात, सामान्यांवर नजर राहिली असती आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो हुशार गुन्हेगार निसटला असता. दोन-तीन वर्षांत योजना बारगळली. म्हणजे कादंबरी लिहिली जात होती तेव्हा हे भांडण ताजं होतं. तरी त्याची सावलीही पुस्तकात नाही, याची मला खंत वाटते. केवढं नाट्य होतं त्यात!

पहारा

धागा वाचून जरा विरोधी सूर लावतो. रागावू नका.

पोलिसांना लगाम, पोलिसांना लगाम असं सगळे म्हणताहेत. ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्या बाजूने कोण बोलणार? मी ज्या ठिकाणी नोकरी करायचो तिथे खंडणीचा व्हायरस आला होता. सकाळी येऊन संगणक सुरू केले तर प्रत्येक पडद्यावर तीच सूचना. हिशेब गेले, ग्राहकांची कागदपत्रं गेली. तक्रार केली, पोचपावती मिळाली, पुढे काही नाही. ज्या सहकाऱ्याने वीस वर्षांचं काम त्या यंत्रावर ठेवलं होतं त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्या दिवशी कुणी म्हणालं असतं की एक नेट फोर्स आहे, ती आत्ता निघाली आहे, तर मी तिच्या अधिकारांची चौकशी करत बसलो नसतो.

आणि अधिकार वापरून चांगलं काम होतंच की. २०२१ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या ईमेल सर्व्हरमधल्या त्रुटी वापरून हल्लेखोरांनी हजारो ठिकाणी मागची दारं, म्हणजे पुन्हा गुपचूप आत शिरायच्या वाटा, बसवून ठेवली. कंपन्यांना इशारे दिले, बऱ्याच जणांनी काही केलं नाही. शेवटी एफबीआयने टेक्सासमधल्या न्यायालयाची परवानगी घेऊन त्या सर्व्हरमध्ये स्वतः शिरून ती दारं काढून टाकली. मला हे योग्य वाटतं. रोग पसरत असेल तर मालक जागा व्हायची वाट कुठवर बघायची?

अक्षरवेळ

पहारा, रागावण्याचा प्रश्नच नाही. तुमच्या सहकाऱ्याबद्दल वाचून वाईट वाटलं. तक्रारदाराला वाऱ्यावर सोडणं हाही अन्यायच आहे आणि मूळ धाग्यात तो मुद्दा यायला हवा होता इतकं त्याचं वजन आहे.

एफबीआयचं तुम्ही दिलेलं उदाहरण मला दोन्ही बाजूंनी महत्त्वाचं वाटतं. काम चांगलं झालं. पण ज्यांच्या यंत्रात पोलीस शिरले त्यांना आधी सांगितलं नव्हतं, नंतर कळवलं गेलं. त्या वेळी न्यायाधीशासमोर अर्ज गेला, काय काढणार आणि काय नाही हे लिहून द्यावं लागलं, पुढे ते सगळं जाहीर झालं. मी म्हणतो तो लगाम हाच. पोलिसांचे हात बांधा असं मी म्हणत नाही. ते काय करताहेत याची नोंद दुसऱ्या कुणाकडे तरी असली पाहिजे.

ती नसली की काय होतं याचा दाखला सिल्क रोडच्या तपासात आहे. हा अमली पदार्थांचा ऑनलाइन बाजार शोधणाऱ्या सरकारी पथकातल्या दोघांनी, एक डीईए या अमली पदार्थविरोधी खात्याचा आणि एक सीक्रेट सर्व्हिसचा, तपास चालू असतानाच बिटकॉइन स्वतःच्या खात्यात वळवले. दोघांनाही २०१५मध्ये शिक्षा झाली. बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची वही जगाला खुली असते म्हणून ते सापडले. नेट फोर्समधल्या सगळ्या माणसांबद्दल वाचताना मला हे दोघं आठवत होते.

पॅकेटपाल

सिल्क रोडचा विषय निघालाच आहे तर अटकेची हकीकत सांगतो, कारण ती कुठल्याही थरारकादंबरीच्या तोंडात मारेल अशी आहे.

माग कसा लागला? करखात्याच्या एका तपासनिसाने गूगलवर साधा शोध घेतला. सिल्क रोडचा उल्लेख इंटरनेटवर सर्वांत आधी कुठे आला, तेवढंच. एका टोपणनावाने केलेल्या जुन्या पोस्ट सापडल्या आणि त्याच नावाने दुसरीकडे दिलेला खऱ्या नावाचा ईमेल पत्ता सापडला. आभासी महामार्ग नाही, कुणी कुणाची कूटभाषा फोडली नाही.

१ ऑक्टोबर २०१३. सॅन फ्रान्सिस्कोतलं ग्लेन पार्क वाचनालय. सिल्क रोड चालवणारा रॉस उलब्रिक्ट विज्ञानकथांच्या कपाटांजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. अडचण अशी की लॅपटॉप मिटला की डिस्क कुलूपबंद होणार आणि सगळा पुरावा हातचा जाणार. एक अधिकारी सिल्क रोडचा कर्मचारी बनून त्याच वेळी त्याच्याशी ऑनलाइन बोलत होता आणि त्याने त्याला मुख्य व्यवस्थापकाच्या पानावर जायला लावलं. तेवढ्यात मागे एका बाईने आणि पुरुषाने भांडण काढलं. तेही अधिकारीच. उलब्रिक्टने मान वळवली आणि त्या क्षणी दुसऱ्याने लॅपटॉप उचलून तिसऱ्याच्या हातात दिला. उघडा, चालू, आत शिरलेला.

अख्खं प्रकरण त्या एका लॅपटॉपच्या झाकणावर अवलंबून होतं. २०१५मध्ये जन्मठेप झाली, जानेवारी २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली.

रेवा_

अंगावर काटा आला वाचताना. भांडण काढणाऱ्या त्या बाईवर कुणीतरी कथा लिहायला हवी.

कादंबरीत कर्नल हॉवर्डचा कुमारवयीन मुलगा टायरोन आहे, त्याचं उपकथानक बरेच जण भराभर उलटतात. मला वाटतं लेखकाने तिथे खरी नाडी पकडली होती. मोठ्या माणसांसाठी नेट हे कामाचं ठिकाण आहे, त्या पोराचं मात्र सगळं आयुष्यच तिथे आहे.

प्रत्यक्षातही तसंच झालं. २०१६मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने घराघरांतले इंटरनेट-कॅमेरे आणि राउटर कारखान्यातल्या मूळ पासवर्डवर ताब्यात घेतले. त्यामागे कुठलंही शत्रुराष्ट्र नव्हतं. अमेरिकेतली तीन तरुण मुलं होती आणि सुरुवात झाली होती माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरधंद्यातल्या चुरशीतून. त्यांनी कोड जाहीर करून टाकला, मग दुसऱ्या कुणीतरी तो वापरून ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेच्या मोठ्या भागात नामांकित संकेतस्थळं तासन् तास बंद पडली. तिघांनी गुन्हा कबूल केला. न्यायालयाने २०१८मध्ये तुरुंगात न धाडता २५०० तासांची समाजसेवा दिली आणि ती एफबीआयला मदत करून पुरी करायची होती.

मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. त्या पोरांचं डोकं वाया गेलं नाही.

पहारा

रेवा, इथे मी सहमत नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांना या शहाणपणाचा काय उपयोग? पण मुलांचं वय पाहता जन्मभराची शिक्षा नको, एवढं मान्य.

वाचनारंभ

नमस्कार, मी अजून पुस्तक वाचलेलं नाही, धागा मात्र सकाळपासून वाचतोय. तंत्रज्ञानातलं फारसं कळत नाही. तरी वाचता येईल का? आणि पहिल्यापासूनच सुरू करावं का?

निळीशाई

नक्की येईल. पहिल्यापासूनच सुरू करा, पात्रांची नाती पुढे सरकत जातात. पहिली पन्नास-साठ पानं बरीच माणसं एकदम समोर येतात, तिथे सोडू नका. द सेल्की या टोपणनावाची भाडोत्री मारेकरी आली की पुस्तक पकड घेतं. तिची वेशांतरं या पुस्तकातला सर्वोत्तम भाग आहेत.

जुनीतार

कुणी नवीन ‘नेट फोर्स’ लिहायला घेतली तर त्यात हा प्रसंग यावा अशी माझी फार इच्छा आहे.

२७ जून २०१७. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर एकामागोमाग काळे पडले. बंदरांवर ट्रकच्या रांगा, कुठल्या कंटेनरमध्ये काय आहे हे कुणालाच सांगता येईना. पुन्हा उभं राहायचं तर डोमेन कंट्रोलर हवा, कारण कोणाला कुठे प्रवेश आहे ही सगळी माहिती त्यात असते. सुमारे दीडशे कंट्रोलर होते, एकमेकांची प्रत ठेवणारे, आणि सगळे एकाच वेळी पुसले गेले. सगळे एकदम जातील हे कुणी धरलंच नव्हतं.

एक वाचला, घानामधला. हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती, त्यामुळे तो जाळ्याबाहेर राहिला. आता ती माहिती ब्रिटनला आणायची कशी? तिथून पाठवावी तर इंटरनेट इतकं संथ की दिवसच्या दिवस जातील. घानामधल्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एक जण ती डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात दिली आणि तो पुढे लंडनला निघाला. त्यानंतर दहा दिवसांत ४००० सर्व्हर आणि ४५००० संगणक नव्याने उभे केले.

आणि पोलीस? अमेरिकेने २०२०मध्ये रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर नावानिशी आरोपपत्र दाखल केलं. त्यांच्यावर खटला चालवायचा तर आधी ते रशियाबाहेर सापडायला हवेत.

वाचनारंभ

मग अशा आरोपपत्राचा उपयोग काय? सापडणारच नसतील तर.

कायदाकलम

चांगला प्रश्न. माझ्या मते तीन-चार उपयोग आहेत, पण एकच खरा वजनदार. आरोपपत्र म्हणजे सरकारने आपल्याकडचा पुरावा कागदावर मांडणं. कुठल्या तारखेला, कुठल्या पत्त्यावरून, कुणी काय केलं, हे लिहावं लागतं. एरवी गुप्तचर यंत्रणा फक्त ‘आम्हाला माहीत आहे’ म्हणतात आणि आपण विश्वास ठेवायचा किंवा नाही एवढंच उरतं. आरोपपत्र तपासता येतं, त्यातल्या चुका काढता येतात. शिवाय त्या माणसाला आयुष्यभर बऱ्याच देशांत पाऊल टाकताना विचार करावा लागतो. काही जण सुट्टीसाठी परदेशी गेले आणि विमानतळावर सापडले, असंही घडलंय.

आता नव्या घडामोडीबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४मध्ये सायबर गुन्ह्यांबाबतचा स्वतःचा करार मंजूर केला, ऑक्टोबर २०२५मध्ये हनोईत तो सह्यांसाठी खुला झाला. ४० देशांनी पक्का मान्य केल्यावर तो लागू होईल. पुरावा मागण्याची वाट त्यामुळे रुंद होईल, पहारा यांच्या सहकाऱ्यासारख्यांना त्याचा फायदा होऊ शकतो. पण मानवाधिकार संघटनांचा आक्षेप असा आहे की पत्रकाराला किंवा विरोधकाला गुन्हेगार ठरवून एखादं सरकार दुसऱ्या देशाकडे त्याची माहिती मागू शकेल, आणि ती नाकारण्याची तरतूद पुरेशी भक्कम नाही. मला हा आक्षेप गंभीर वाटतो. कराराचा मसुदा वाचताना मी नकार देण्याची कलमं आधी वाचतो.

पहारा

हे माहीत नव्हतं. मसुद्यातली ती कलमं सोप्या मराठीत मांडणारा वेगळा धागा काढाल का? माझं मत अजून तेच आहे की पोलिसांना साधनं हवीत, पण नकार कुणी आणि कशाच्या आधारावर द्यायचा हे मला समजून घ्यायचंय.

कायदाकलम

काढतो. या आठवड्यात एक सुनावणी आहे, ती झाली की बसतो. अक्षरवेळ, तिथे सुरुवातीला तुमचा क्लिपर चिपचा परिच्छेद घेतला तर चालेल ना?

अक्षरवेळ

अवश्य घ्या. त्यासोबत २०१६चं अ‍ॅपल आणि एफबीआयचं कुलूपबंद आयफोन उघडून देण्यावरून झालेलं भांडणही घ्या. तिथे सरकारने १७८९च्या कायद्याचा आधार घेतला होता आणि निकाल लागण्याआधीच, फोन दुसऱ्या मार्गाने उघडला म्हणून, प्रकरण मागे घेतलं. मूळ प्रश्न तसाच राहिला, त्यावर तुमचं मत वाचायला आवडेल.